भिंत पाहावी की समाधी?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु मंडलात पावसाळ्यात कुठल्याही शिवारात उभं राहा, समोर पऱ्हाटी दिसते, मधूनमधून तुरीचे तास आणि सोयाबीन. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. पाट्या तेलुगूत आल्या, तरी कितीतरी घरांत चुलीजवळची भाषा मराठीच राहिली. अशाच एका घरात मामा-भाच्यांचा वाद मी ऐकला. मामा मराठी माध्यमाच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आता स्वतःची कोरडवाहू शेती करतात. भाचा जिनिंगची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि कंपनी त्याला कामासाठी चीनला पाठवते आहे. कामाबद्दल दोघांचं दुमत नाही. वाद आहे तो मधल्या एका मोकळ्या रविवारचा. मी तो वाद इथं मांडतो आहे, आणि जिथं मला गप्प राहवलं नाही तिथं माझंही मत दिलं आहे.

मामा : काम नेमकं कुठं आहे, ते आधी सांग.

भाचा : हान्दानला. बीजिंगला विमानातून उतरायचं आणि तिथून रेल्वेनं दक्षिणेला. हेबेई प्रांतातलं शहर आहे, कापसाची यंत्रं बनवणारे कारखाने तिथं आहेत. आपल्याकडे सरकी काढायला बहुतेक रुळांची जिनं, त्यांच्याकडे करवतीच्या पात्यांची. रुळानं धाग्याची लांबी चांगली राखली जाते, करवतीनं काम झपाट्यानं होतं. पण साहेबांना खरं पाहायचंय ते सफाईचं यंत्र. कापूस यंत्रानं वेचला की बोंडाची टरफलं, पानं, काड्या सगळं सोबत येतं. एवढा काडीकचरा रुई न तोडता काढायचा कसा, हा प्रश्न त्यांच्यापुढे आपल्या आधी आला. आपल्याकडे आता वेचणीला माणसं मिळेनाशी झालीत. तुमच्याच शेतात दिवाळीनंतर काय हाल झाले, आठवा.

मामा : ते विसरेन कसा? आणि त्यांचा उतारा?

भाचा : हेक्टरी २,००० किलोच्या आसपास रुई. भारताची सरासरी ४५० किलोच्या आसपास.

मामा : हा आकडा ऐकला की आपला शेतकरी आळशी आहे असं कुणालाही वाटेल, आणि ते खोटं आहे. त्यांचा बहुतेक कापूस शिनजियांगचा. तिथं पाऊस नाहीच, म्हणून सगळं पाणी मोजून ठिबकनं देतात, जमिनीवर प्लास्टिक अंथरतात, रोपं दाट लावतात, बोंडं एकदम फुटतील अशी तजवीज करतात आणि यंत्र घालतात. आपण मिरगाकडं डोळे लावून बसतो. जूनमध्ये पेरलं आणि पावसानं पाठ फिरवली की दुबार पेरणी. पाऊस झाला तर तो बोंडं फुटताना पुन्हा येतो. तू यंत्र बघून ये, पण ते जसंच्या तसं इथं आणायचं म्हणालास तर मी आडवा येईन.

भाचा : हान्दानचीच एक जुनी गोष्ट आहे, मामा, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लोकांची चाल म्हणे फार डौलदार होती. एक तरुण ती शिकायला दुरून आला. त्यांची चाल त्याला काही जमली नाही आणि त्या नादात स्वतःची होती ती विसरला. शेवटी रांगत घरी गेला. त्या गोष्टीच्या नावाचा एक पूल आजही हान्दानमध्ये आहे.

मामा : मग तुझ्या साहेबांना तो पूल पहिल्या दिवशीच दाखव.

इथवर दोघं एकाच बाजूला होते. मग रविवारची गोष्ट निघाली आणि आवाज चढले.

भाचा : शनिवारी रात्री काम संपेल, सोमवारी विमान. रविवार बीजिंगमध्ये. महाभिंत बघायचीच. आई म्हणाली, एवढं चीनला चाललायस तर भिंतीवरचा फोटो आण. बादालिंगची बाजू शहराला जवळ, सत्तर-ऐंशी किलोमीटर. १९५७ पासून लोकांना खुली आहे.

मामा : फोटोसाठी?

भाचा : फोटोसाठी जातात त्यांना जाऊ द्या. मला ती बांधली कशी हे बघायचंय. २०१२ मध्ये चीन सरकारनं सगळ्या राजवटींच्या भिंतींची मोजणी जाहीर केली, २१,१९६ किलोमीटर. आज आपण चित्रात बघतो ती विटांची भिंत बहुतेक मिंग काळातली. त्या विटांमधल्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घातलेली सापडली. डोंगराच्या कण्यावर, जिथं माणूस नुसता चढताना धापा टाकतो, तिथं ती वीट, तो चुना, ते पाणी कुणी वर नेलं असेल? इंजिनिअरनं हे बघायचं नाही तर काय बघायचं?

मामा : कुणी नेलं असेल ते मी सांगतो. वेठीनं धरलेल्यांनी. निजामी मुलखात आमच्या आजोबांच्या पिढीनं वेठ भोगली. अधिकारी गावात आला की कुणाचे बैल, कुणाची गाडी, कुणाची पाठ त्याच्या सेवेला. पैसा मागायची सोय नव्हती. त्यामुळं राजानं बांधलं म्हणून जे जे दाखवतात, ते बघताना माझं मन मागं सरतं. तुझं बीजिंगचं ते राजवाड्याचं नगरही तसंच. चौदा वर्षांत उभं केलं, १४०६ ते १४२०. आतल्या चोवीस सम्राटांची यादी आपल्याला मिळते, बांधणाऱ्यांची कुठं आहे?

भाचा : म्हणून तर जायचं. नाव राहिलं नाही, हात राहिले. भिंतीला हात लावला तर तो त्या माणसांना लागतो, सम्राटाला नाही. तुम्ही शाळेत आम्हाला दौलताबादला नेलं होतंत. तो कातळ कुणी आनंदानं तासला होता का? तरी नेलंत ना?

मामा काही क्षण बोलले नाहीत. मला भाच्याचं हे म्हणणं पूर्ण पटतं. वेठीचा इतिहास ज्याच्या घरात आहे, त्यानं तर अशा ठिकाणी अधिक हक्कानं जावं. पण मामांच्या मनात दुसरं काही होतं आणि त्यांनी ते काढलं.

मामा : तुझी हान्दानची गाडी मधे कुठं थांबते?

भाचा : शिजियाझुआंगला. हेबेईची राजधानी.

मामा : तिथं उतर. तिथं सोलापूरचा माणूस आहे.

भाचा : डॉक्टर कोटणीस.

मामा : नाव माहीत आहे, ठीक. सिनेमामुळं सगळ्यांना नाव माहीत आहे. पुढचं सांग.

भाचा : युद्धात चिनी सैनिकांची सेवा केली, तिथंच लग्न केलं, तिथंच गेले.

मामा : एवढ्यात संपलं? मग ऐक. १९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर पूर्ण युद्ध लादलं. ठिणगी पडली ती बीजिंगजवळच्या लुगो पुलावर. बाराव्या शतकातला दगडी पूल, कठड्याच्या खांबाखांबावर सिंह कोरलेले. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू. देशात चीन दिन पाळला, लोकांनी पैसे दिले, औषधं घेतली, रुग्णवाहिका घेतली. आपण स्वतः पारतंत्र्यात, आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी वर्गणी काढली! १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली. त्यात पाच डॉक्टर होते. मदन अटल, चोळकर, कोटणीस, बिजयकुमार बसू, देबेश मुखर्जी. कोटणीस सत्तावीस वर्षांचा.

भाचा : चोळकर कोण?

मामा : नागपूरचे. आपल्या आदिलाबादहून महामार्गानं सरळ वर गेलं की दोनशे किलोमीटरवर नागपूर. त्या पाचांत वयानं सगळ्यांत वडील तेच. ज्या वयात माणूस दवाखाना मुलाच्या हाती देऊन आराम करतो, त्या वयात हे युद्धात निघाले.

इथं मला थोडं थांबायचं आहे. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल त्यानंतर वर्षभरात, बसू १९४३ मध्ये. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं ते न परतलेल्या एकाच्या नावानं, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. सिनेमानं कोटणीस घराघरांत पोहोचवले, हे त्याचं मोठं काम. पण परतलेले चौघं आपल्या आठवणीतून निसटले. विदर्भात आणि आदिलाबादच्या मराठी शाळांत चोळकरांचं नाव मुलांना सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. एकाच्या मोठेपणात बाकीच्यांचं मोठेपण बुडून जावं असं काही नाही.

मामा : बोट लागली ती कॅन्टनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, १७ सप्टेंबरला. महिना उलटतो तोच ते शहर जपान्यांच्या हाती पडलं. हे लोक तोवर हान्कोला, म्हणजे वुहानमध्ये, जखमींमध्ये काम करत होते. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी वुहानही पडलं. यांगत्सेतून वर, चुंगकिंगला. तिथून शिआनमार्गे येनान, १९३९ चा फेब्रुवारी. येनानला लोक मातीच्या डोंगरात गुहा कोरून राहायचे, आणि वरून बॉम्ब पडायचे. दवाखानाही गुहांत. हा सोलापूरचा पोरगा, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेला, गुहेत शस्त्रक्रिया करत होता. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं.

भाचा : आणि परतला नाही.

मामा : पुढच्या डोंगरात गेला. जपानी फळीच्या मागं, वुताई पर्वताच्या मुलखात. बौद्धांचा पवित्र डोंगर आहे तो, मंजुश्रीचं स्थान. लोक यात्रेला जातात तिथं. हा जखमींसाठी गेला. तिथं आधी नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनडाचा सर्जन काम करत होता. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि १९३९ च्या नोव्हेंबरात तो गेला. त्याच्या नावाचं इस्पितळ काढलं, आणि १९४१ मध्ये त्याचा प्रमुख म्हणून कोटणीसची नेमणूक झाली. १९४० च्या एका लढाईत तेरा दिवसांत आठशेहून जास्त जखमी त्याच्या पथकापुढे आले. चिनी भाषा शिकला, त्या भाषेत पोरांना शस्त्रक्रिया शिकवली. तिथल्या परिचारिका शिक्षिकेशी, ग्वो छिंगलानशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, यिनहुआ. ९ डिसेंबरला फिट येऊन डॉक्टर गेला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

भाचा : मुलाचं पुढे काय झालं?

मामा : तोही डॉक्टरकी शिकत होता. १९६७ मध्ये, शिकतानाच गेला. आई मात्र २०१२ पर्यंत होती. भारतात सासरच्या माणसांना भेटायला येत असे.

भाचा : मामा, हे सगळं मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला एक बोलू द्या. दोन सरकारांचे लोक भेटले की कोटणीसांचं नाव निघतं. पुष्पचक्र, भाषण, फोटो. आणि तिकडे सीमेवर? १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. कर्नल संतोष बाबू आपल्या तेलंगणाचे, सूर्यापेटचे. त्यांच्या घरी तेव्हा दोन लहान मुलं होती. मला शिजियाझुआंगच्या त्या स्मारकापुढे उभं राहताना हे आठवणार. मैत्रीच्या कुणाच्या तरी भाषणाला मी मान डोलावायला आलोय, असं वाटणार. भिंतीचं तसं नाही. भिंत माझ्याकडून काही मागत नाही.

भाच्याचा हा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही, आणि मामांनी टाळला नाही.

मामा : संतोष बाबू आठवलेच पाहिजेत. तिथं उभा राहशील तेव्हा त्यांचं नाव मनात घे. पण मला सांग, कोटणीस कुणाच्या सरकारच्या वतीनं गेला होता? इथं इंग्रजांचं राज्य. तिथं आजचं सरकार जन्मालाही आलं नव्हतं, ते आलं १९४९ मध्ये. लोकांनी वर्गणी काढली आणि पाच माणसं गेली, बस. चाळीस वर्षं गेली की वीस, दोन सरकारांचं भांडण झालं की मिटलं, त्यानं त्या तेरा दिवसांतल्या आठशे जखमींचं काय बदलतं? आणि तू म्हणतोस ना, नाव फक्त भाषणात निघतं? ते तसं का झालं? आपण साधी माणसं तिकडे जात नाही म्हणून. आपण गेलो नाही तर ते नाव पूर्णपणे पुष्पचक्रवाल्यांचं होईल. सोलापुरात भैया चौकात त्याच्या घराचं स्मारक आहे, तिथं तरी आपल्यातलं कोण जातं?

भाचा : पण समाधी बघून मी शिकणार काय?

मामा : तू कामाला चाललायस. तोही कामाला गेला होता. परक्या मुलखात कामाला गेलेल्या माणसानं तिथं काय केलं, हे बघायला याहून बरी जागा तुला सांगता येईल? त्यानं तिथली चाल शिकली आणि स्वतःची विसरला नाही.

खरं सांगायचं तर वाद इथं मामांच्या बाजूनं झुकला होता. पण भाच्याजवळ अजून एक गोष्ट होती, आणि ती त्यानं फार चांगली सांगितली.

भाचा : बीजिंगमध्ये एक जागा आहे, ती तुम्हाला दाखवावीशी वाटते. स्वर्गमंदिर. तेही १४२० चं. त्यात एक गोल दालन आहे, तीन छपरांचं, लाकडाचं, खिळे न वापरता जोडलेलं. आत अठ्ठावीस खांब. मधले चार म्हणजे चार ऋतू, त्यांच्याभोवती बारा म्हणजे बारा महिने, बाहेरचे बारा म्हणजे दिवसाचे बारा प्रहर, त्यांच्या हिशेबानं. १८८९ मध्ये वीज पडून जळलं, ते पुन्हा जसंच्या तसं उभारलं. वर्षाच्या सुरुवातीला सम्राट उपास करून तिथं यायचा आणि वाकायचा. कशासाठी, सांगा. पीक चांगलं यावं म्हणून.

मामा : सम्राट?

भाचा : सम्राटच. कुणापुढेही न वाकणारा माणूस पिकासाठी वाकायचा. पीक बुडालं तर देवाची मर्जी गेली आणि गादीचा हक्क गेला, असं लोक मानायचे.

मामा : हे मात्र बघ. सकाळी लवकर जाऊन बघ. त्या खांबांचे फोटो मला हवेत.

कोरडवाहू कापूस करणाऱ्या माणसाला त्या दालनाचं मोल कुणी समजावून द्यावं लागत नाही. मामांचा चेहरा उजळला होता. राजेरजवाड्यांच्या बांधकामांबद्दलचा त्यांचा राग त्या दालनापाशी टिकला नाही, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

भाचा : मग भिंत?

मामा : नकाशा आण.

नकाशा मोबाइलवर उघडला. भिंतीची एक आतली रांग बीजिंगच्या पश्चिमेकडून खाली उतरते आणि हेबेई व शान्शी प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगरांतून जाते. कोटणीसांनी ज्या भागात जखमी उचलले, तो लाइयुआन आणि तांगश्येनचा मुलूख याच डोंगरांचा. म्हणजे भिंत आणि डॉक्टर एकाच डोंगरात आहेत. हे लक्षात आलं तेव्हा मामा-भाचे दोघंही नकाशावरून नजर उचलेनात. बादालिंगला जी गर्दी असते ती या भागात नसते, पण एका दिवसात तिकडे जाऊन येणं परक्या माणसाला कठीण, हेही दोघांनी मान्य केलं.

भाचा : आणखी एक सांगू? ज्यानं आधीच्या राज्यांच्या भिंती जोडून पहिली मोठी भिंत केली, तो चिन शी हुआंग, त्याचा जन्म हान्दानचा. इसवी सनापूर्वी २५९. मी जिथं यंत्र बघायला चाललोय, तिथलाच.

मामा : त्याला आठवायला अख्खी भिंत आहे. माझ्या डॉक्टरला एक दिवस दे.

शेवटी असं ठरलं की हान्दानचं काम शनिवारी दुपारी आटोपायचा प्रयत्न करायचा, परतीच्या गाडीतून शिजियाझुआंगला उतरायचं, तिथल्या हुतात्मा उद्यानात जायचं आणि रात्री बीजिंग गाठायचं. रविवारी सकाळी स्वर्गमंदिर, आणि वेळ उरला तर लुगो पूल. भिंतीचा फोटो आईला पुढच्या खेपेला. भाचा पूर्ण राजी झालेला नव्हता. त्याच्या मनातली भिंत तशीच उभी आहे, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ती बघण्यासारखीच आहे.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. आज कितीतरी मराठी माणसं चीनला कामासाठी जातात. ग्वांगझूच्या वसंतातल्या आणि शरदातल्या व्यापारमेळ्याला आपले व्यापारी जातात, यंत्रं बघायला कारखानदार जातात, डॉक्टरकी शिकायला मुलं जातात. त्यातले बहुतेक मोकळ्या दिवशी भिंत आणि राजवाडा बघून परततात. ग्वांगझूला उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की १९३८ मध्ये ते पाच डॉक्टर याच शहरात उतरले होते? देशादेशांतलं वैर आणि मैत्री ठरवणं आपल्या हातात नाही. आपल्या माणसाची समाधी ओस पडू न देणं मात्र आहे. शिजियाझुआंगच्या त्या उद्यानात एका बाजूला बेथ्यून आहेत आणि दुसऱ्या बाजूला द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चिनी माणसं चिंगमिंगच्या दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, आपल्या पूर्वजांच्या समाध्या स्वच्छ करून फुलं वाहतात. त्या समाधीपुढे एखादं फूल सोलापूरकराचं, नागपूरकराचं, तलमडुगुकराचंही असावं.

बीजिंगच्या पश्चिम स्थानकातून शिजियाझुआंग २८१ किलोमीटर आहे, आणि जलद गाडी दीड तासाच्या आत पोहोचवते. चीनला कामासाठी निघालेल्या वाचकांनी एवढा वेळ काढावा, ही विनंती.